केराबाईंच्या वर्गातलं घड्याळ

१

रविवारी सकाळी शाळेचं घड्याळ चोरीला गेल्याचं कळलं, आणि केराबाईंना चोर ठरवायला आमच्या कमिटीला एक पान चघळून होण्याइतकाही वेळ लागला नाही.

कमिटी म्हणजे आम्ही चौघं. शाळा सोलापुरात, गिरणीच्या मागच्या गल्लीत, आणि कमिटीचा नियम साधा: ज्याचं पोर शाळेत, तोच कमिटीत. अध्यक्ष हिंदुराव, लाकडाच्या वखारीचे मालक. वखारीत बसून बोलले तरी शाळेतली पोरं गप्प व्हायची, असा आवाज. दुसरे मडिवाळप्पा, दुधनीकडचे, सरकी-पेंडीचे व्यापारी. शाळेची खोली त्यांच्याच मालकीची, आम्हाला भाड्यानं दिलेली. तिसरे धोंडीराम, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. गडी राबणारा, पावसाळ्याआधी शाळेची कौलं फिरवायला स्वतः वर चढायचा. आणि चौथी मी, सोनाबाई. खरं तर निवडलं होतं आमच्या ह्यांना. पण ते दिवसभर आडत दुकानात ओरडून दमायचे आणि सभेत घोरायचे. मी म्हटलं, घोरायला घर आहे की, सभेला मी जाते. गेले ती गेलेच. सगळ्यांना वाटलं बाईमाणूस आहे, कोपऱ्यात बसेल. बसले मी कोपऱ्यातच, पण कोपऱ्यातनं सगळं दिसतं.

त्या दिवशी सभा सकाळचीच ठेवली होती, कारण फाल्गुन लागला होता आणि आमच्याकडचं ऊन काही विचारू नका. केराबाईंनी कुलूप काढलं. या बाई सांगोल्याकडच्या धनगराच्या लेक. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मग जिद्दीनं शिकून मास्तरीण झाल्या. वरच्या वर्गातल्या मुली त्यांच्याकडं. माझी धाकटीही त्यांच्याच हाताखाली होती.

चपला काढून आम्ही उंबऱ्याशी उभे राहिलो. जमीन सारवलेली होती. मी पाय टाकला तर गार, ओलसर लागली. शेणातल्या बोटांच्या कमानी छान उमटल्या होत्या, सगळ्या आमच्याकडं पाठ करून. खोली अशी लख्ख, तरी माझ्या मनाला काहीतरी लागलं. का लागलं ते तेव्हा उमगलं नाही.

हिंदुराव दोन पावलं आत गेले आणि किती वाजले बघायला मागं वळले. घड्याळ दाराच्या वरच, आतल्या बाजूनं टांगलेलं असायचं, फळ्यापाशी उभं राहून बाईंना दिसावं म्हणून.

"घड्याळ कुटं हाय?" ते म्हणाले.

भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिला होता. गल्लीतल्या घराघरातनं वर्गणी काढून घेतलेलं घड्याळ ते.

सगळ्यात आधी हलले ते धोंडीराम. तसेच आत गेले, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, मागच्या दाराशी वाकले.

"गज घट्ट हायत," ते तिथनंच म्हणाले. "मागची कडी बी आतनं लावल्याली हाय."

"म्हंजी चोर पुढच्या दारानं आला," हिंदुराव म्हणाले. "कुलूप तर फोडल्यालं न्हाय. किल्ल्या दोन. एक माझ्या करगोट्याला, दुसरी बाईंकडं. आता मी काय घड्याळ चोरनार न्हाय."

सगळ्यांच्या नजरा केराबाईंकडं गेल्या. त्यांचा चेहरा पार उतरला. "काल मी वर्गातनं बाहेर पडले तेव्हा घड्याळ भिंतीवर होतं," त्या म्हणाल्या.

"मग काय पाय फुटले त्येला?"

"बाई तसल्या न्हाईत वो अध्यक्ष," धोंडीराम हळहळून म्हणाले. "पन आता बोलायला जागा ऱ्हायली न्हाई."

ठरलं. दिवेलागणीला परत सभा, बाईंना काढल्याचा ठराव, आणि मग फौजदाराकडं वर्दी. मी म्हटलं, "दिवेलागणीला येळ हाय न्हवं? तवर मी बघते."

"वैनी, तुमी काय बघनार?" हिंदुराव म्हणाले.

"तुमी जे बघितलं न्हाई ते."

बोलून गेले खरी. पण ते काय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं.

२

पुरुष मंडळी गेली तशा केराबाई पायरीवर बसल्या. मीही शेजारी टेकले.

"नोकरी गेली तर कुटं जानार?" मी विचारलं.

"दिराच्या वस्तीवर. मेंढरं राखायला." त्या रडत नव्हत्या, आणि ते मला जास्त टोचलं. "मेंढरांची लाज न्हाई वैनी, त्यांच्यामागंच वाढले मी. पन माझ्याकडं बघून वस्तीवरच्या चार घरांनी पोरी शाळेत घातल्यात. मी चोर म्हनून परत गेले तर माझी सासू मायाक्का सगळ्यांना सांगेल, बाई शिकली की अशी होती. दुसऱ्या दिवशी त्या पोरी मेंढरांमागं."

मला असा संताप आला की पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, "काल काय काय झालं ते सांगा. कोन आलं, कोन गेलं."

शनिवारी अर्धी शाळा. सुटताना कमिटीतले तिघंही येऊन गेले, सभेची बसायची सोय बघायला. ऊन रणरणत होतं, तिघंही माठातलं पाणी पिऊन गेले. माठ मागच्या दाराशी असतो. मग दानम्मा सारवायला आली. तिचं झाल्यावर बाईंनी बाहेरनंच दार ओढून कुलूप लावलं.

"सारवून झालं तवा ऊन होतं?"

"भर ऊन होतं की."

फाल्गुनातल्या दुपारी सारवलेली जमीन संध्याकाळची चूल पेटायच्या आत खडखडीत वाळते. माझ्या घरी मी जन्मभर बघतेय. मग आज सकाळी माझ्या पायाला गार काय लागलं?

दानम्मा पलीकडच्याच गल्लीत राहायची. अक्कलकोटकडची, कानडी मुलखातली. दारात ज्वारी पाखडत बसली होती. मी सरळ विचारलं, "काल शाळा सारवलीस, मग रांगोळी काढलीस का न्हाई?"

तिनं सूप खाली ठेवलं. "अय्यो अक्का, हे काय इचारनं? रांगोळी न काढता उठंन मी? शाळंत कोन मेलंय व्हय?"

तेच. सकाळी मला लागलं होतं ते हेच.

आमच्याकडं सारवलं की रांगोळी ओढायचीच, मग ती दोन बोटांची का असेना. नुसतं सारवलेलं घर म्हणजे नुकतंच घरातनं मयत उचललंय, असा अर्थ. म्हणून तसली जमीन दिसली की बाईच्या काळजात चर्र होतं. शाळेची जमीन सकाळी तशी होती. कोरी.

"कुटं काढली होतीस?"

"दाराच्या आत, घड्याळाच्या खाली. सभा हाय म्हनून मोठं कमळ काढलं."

"आनि शेन उरलं?"

"उरलं की. सोमवारी उंबऱ्याला लागतंय. बादलीत कालवून ठिवलंय, शाळंच्या मागच्या भिंतीला. वर ओलं पोतं टाकलंय."

आम्ही दोघी तशाच मागच्या बोळात गेलो. पोतं बाजूला फेकलेलं होतं आणि बादली खरवडून रिकामी.

आता मला सगळं दिसायला लागलं. घड्याळ काढायला कुणीतरी दानम्माच्या कमळावर स्टूल ठेवून उभा राहिला. रांगोळी विस्कटली. ती तशी दिसली असती तर कुलूप लावल्यानंतर कुणीतरी आत आलं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि संशय एकट्या बाईंवर राहिला नसता. म्हणून त्यानं पुन्हा सगळं सारवून काढलं. पण सारवून झाल्यावर तो तसाच उठून गेला. कोनाड्यात रांगोळीची डबी होती, तिला त्याचा हात लागला नाही. बाई असती, अगदी चोर बाई असती, तरी तिचा हात आपोआप डबीकडं गेला असता.

आत आला होता तो पुरुष होता. आणि काल मागच्या दाराशी तीन पुरुष पाणी पिऊन गेले होते.

३

पहिल्यांदा गेले हिंदुरावांकडं. खरं सांगते, चोर तेच निघावेत असं मला मनापासून वाटत होतं. आपल्या भाच्याला बाईंच्या जागी चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. किल्ली त्यांच्या कंबरेला. आणि मला "तुमी काय बघनार" म्हणाले होते. राग इतका होता की म्हटलं, सोनाबाई, जपून, रागाच्या भरात मेथीत मीठ दोनदा पडतं.

वखारीत ते माप घेत उभे होते. मी विचारलं, काल रात्री किल्ली कुठं होती.

"करगोट्याला," त्यांनी सदरा वर करून दाखवला. "झोपलो तरी काढत न्हाई. इचारा आतल्यास्नी."

"तुमच्या भाच्याला मास्तर करायचंय न्हवं?"

"करायचंय. सभेत तुमच्या तोंडावर बोललोय ते. वैनी, मला कुनाचं भ्या हाय म्हनून मी चोरून करीन?" ते हसले. "बाई जानार आनि भाचा येनार, मला आनंद हाय. खोटं कशाला बोलू. पन घड्याळ म्या नेलं न्हाई."

असला माणूस आवडत नाही मला, पण बोलतो ते पोटातनं बोलतो. शिवाय उठता उठता मला सकाळची ती जमीन आठवली, बोटांच्या त्या कमानी आठवल्या, आणि हिंदुरावांवरचा माझा संशय तिथंच विरघळला. का, ते सभेत सांगितलं, इथंही तेव्हाच सांगते.

मग मडिवाळप्पा. त्यांचं सरकीचं कोठार शाळेच्या मागच्या बोळातच. उघड्यावर पोत्यांची थप्पी लागलेली, वर ताडपत्री.

"अक्का, या. पानी घ्या," ते म्हणाले. माणूस मऊ. "माझ्यावर संशय हाय न्हवं? असूद्या की. शाळंची जागा मला पायजे, व्हय, पायजे. सरकी उनात पडलीया."

"मग?"

"मग काय? केराबाई गेली तर शाळा जाती का? दुसरा मास्तर येतो. भाडेकरू त्योच, भाडं तेवढंच. घड्याळ गेलं तर उलट माजीच वर्गणी बुडाली." पानाला चुना लावता लावता ते थांबले. "तुमी उलटं इचार करा, अक्का. घड्याळ कुनाला पायजे हे नका इचारू. बाईच नको, असं कुनाला हाय?"

मी पाणी न पिताच उठले. म्हातारा बरोबर बोलत होता. दुसरा मास्तर आला तर शाळा चालणार, वर्ग भरणार, सगळं तसंच. तरी कुणाला तरी केराबाई नको होत्या. तीच बाई, आणि तिनं जाताना चोर ठरून जायला हवं होतं. भाच्याला जागा द्यायला एवढा उपद्व्याप लागत नाही. बाईंचं नाव काळं झाल्यानं कुणाचं काय पांढरं होणार होतं?

४

ऊन उतरायला लागलं होतं. मला मदत हवी होती, म्हणून मी धोंडीरामांच्या चाळीत गेले. सकाळी बाईंच्या बाजूनं शब्द टाकला होता तो त्यांनी एकट्यानंच.

ते घरी नव्हते. त्यांची बायको बजाबाई चुलीपुढं रवा भाजत होती. घर झाडून पुसून लखलखीत, भिंतीला नवी घोंगडी टेकवून ठेवलेली.

"पाव्हनं येनार हायत उद्या," ती म्हणाली. "अकलूजचे. बागाईतदार हायत, दारात चार बैल. आमच्या सोजरला बघायला."

सोजर, त्यांची थोरली. केराबाईंच्या वर्गात पहिला नंबर कधी सोडला नाही. अजून परकर-पोलक्यातली पोर.

"सोजर तयार झाली?" मी विचारलं.

बजाबाईनं तोंड वाकडं केलं. "म्हैनाभर नुसतं भांडान. म्हनती, सातवी फायनलपातुर शिकनार, बाईंसारखी मास्तरीन होनार. हेंच्यापुढं चाळीतले गडी चळाचळा कापत्यात, पन लेकीपुढं काय चालंना. मारायला हात उचलवत न्हाई, लई जीव हाय तिच्यावर. तिचं एकच, बाई म्हनत्यात, बाई म्हनत्यात." ती कढईत उलथनं फिरवत राहिली. "आज सकाळपास्नं मातुर गप हाय."

आतल्या खोलीत सोजर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी जवळ बसले तशी तिनं मान वर केली. डोळे सुजलेले.

"काकी, बाई खरंच चोर हाईत का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटत न्हाई. पन आबा म्हनत्यात. आनि आमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"आबा म्हनलं, तुजी बाई खरी कशी हाय ते तुला उद्या कळंल. ती चांगली निघाली तर तू शिक, मी मधी येनार न्हाई. वंगाळ निघाली तर गुमान पाव्हन्यांपुढं उभी ऱ्हायची. मी व्हय म्हनले. मला वाटलं, मीच जिंकले."

मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग एकदम माझा हात थांबला.

"उद्या कळंल म्हनले? सोजर, हे कवा म्हनले आबा?"

"काल रातच्याला. जेवताना."

जमीन सकाळी ओली होती, म्हणजे काल रात्री जेवणाच्या वेळी घड्याळ अजून भिंतीवरच टिकटिक करत होतं.

५

दिवेलागणीला सगळे जमले. केराबाई दाराशी उभ्या, कुणी बस म्हटलं नाही. दानम्माला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हिंदुरावांनी ठराव वाचायला तोंड उघडलं, तशी मी म्हटलं, "अध्यक्ष, आधी मी. मग तुमचा ठराव."

आणि सगळं सांगितलं. वाळलेली जमीन सकाळी ओली कशी. दानम्माचं कमळ कुठं गेलं. बादली कुणी खरवडली. कोरी जमीन बघून बाईला काय वाटतं आणि पुरुषाला काय वाटत नाही.

"आमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?" मडिवाळप्पा म्हणाले.

"सारवल्याली जमीन तुमाला नुसती जमीन दिसती, म्हनून. चोरालाबी तशीच दिसली. तितंच फसला."

हिंदुराव ऐकून घेत होते, पण मान डोलवत नव्हते. "समजा कुनी परत सारवलं. पन आला कुटनं? कुलूप पुढं, कडी मागं. मग राहिलो मी आनि बाई. बोला की."

"दानम्मा," मी म्हटलं, "सारवताना तू कशी सरकतीस?"

"मागं मागं. न्हाईतर आपल्याच पायानं बिघडंल की."

"आनि शेवटचा हात कुटं?"

"ज्या दारानं भाईर जायचं, त्या दाराशी."

"बगा," मी जमिनीकडं बोट केलं. जमीन आता वाळली होती, आणि कंदिलाच्या उजेडात बोटांच्या कमानी सकाळपेक्षा स्पष्ट दिसत होत्या. "उकिडवं बसून हात फिरवला की कमानीचं पोट आपल्याकडं ऱ्हातं, पाठ पलीकडं. ह्या सगळ्या कमानींची पाठ पुढच्या दाराकडं हाय. पोट मागच्या दाराकडं. सारवनारा पुढनं सुरू करून मागं सरकत गेला, आनि मागच्या दारानं भाईर पडला. अध्यक्ष, तुमच्याकडं किंवा बाईंकडं पुढची किल्ली हाय. तुमी दोघं सारवत सारवत मागच्या बोळात कशाला जाल?"

हिंदुराव जमिनीकडं बघतच राहिले. "पन मागची कडी तर आतनं लावल्याली व्हती."

"लावल्याली नव्हती. नंतर लागली." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "काल दुपारी पानी पिताना कुनीतरी ती गुपचूप काढून ठिवली. दार नुसतं लोटल्यालं. दानम्मानं बघितलं न्हाई, बाईंनी बघितलं न्हाई. पहाटे तो आत आला, काम केलं, मागनंच गेला. पन आतली कडी भाईरनं लावता येत न्हाई. मग ती लागली कवा? आज सकाळी आमी सगळे उंबऱ्याशी उभे व्हतो. मागच्या दारापातुर चालत एकच मानूस गेला. कडी लावल्याली हाय, हे बी त्यानंच सांगितलं. आमी नुसतं ऐकलं."

धोंडीराम मान खाली घालून बसले होते. मला वाटलं होतं, नाकारतील, भांडतील, आणि मी तयारीत होते. पण त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"घड्याळ घरात कनगीत हाय," ते म्हणाले. "ज्वारीच्या खाली."

"धोंडीराम," हिंदुराव म्हणाले, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच वखार नव्हती. "अरं, तू?"

"माजी पोर माजं ऐकंना. म्या जल्म दिला, म्या शाळंत घातली, ह्या कमिटीत पोरी शिकवा म्हनून म्याच भाषनं ठोकली. पन अकलूजवाल्यांचं सांगनं आलं आनि माजी मती फिरली. चार बैलांचं घर, कालव्याचं पानी. माज्या लेकीला माज्यावानी भोंग्यावर उठायला नगो. तिला सांगितलं तर म्हनती, बाई म्हनत्यात शिक." त्यांनी केराबाईंकडं पाहिलं नाही. "म्हटलं, बाईवरचं मन उडालं की पोर ऐकंल. बाईंचं वंगाळ करायचं मनात नव्हतं."

"नव्हतं?" केराबाई म्हणाल्या.

दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "सकाळी माझ्या बाजूनं बोलत होता तुमी. कडी लावून आला आनि म्हनाला, बाई तसल्या न्हाईत. तुमची एक पोर माझं ऐकती म्हनून तुमी माझ्या वस्तीवरच्या सगळ्या पोरींचा दरवाजा लावत होता. आनि म्हनं मनात नव्हतं."

हिंदुराव उठले. "फौजदाराकडं जायचं. आत्ता."

"थांबा," बाई म्हणाल्या. "फौजदार नको. माफी बी नको. ह्यांनी घरी जाऊन सोजरला खरं सांगायचं. स्वतःच्या तोंडानं. वैनी आनि मी ऐकायला येनार."

धोंडीरामांनी हात जोडले. "बाई, दुसरं काय बी सांगा. तुरुंगात जातो. पन पोरीपुढं न्हाई. ती माज्याकडं परत मान वर करून बघायची न्हाई."

"मग फौजदार," मी म्हटलं. "तो आला की बी पोरीला कळनारच हाय. फरक एवढाच, ती दुसऱ्याच्या तोंडनं ऐकंल."

६

चाळीच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. मला दया आली, हे खोटं बोलणार नाही. पण बाईंकडं पाहिलं की दया परत जागेवर बसायची.

सोजर दारातच होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली, पाया पडायला वाकली आणि मध्येच थांबली. बापाकडं बघितलं.

"पड," धोंडीराम म्हणाले. "पाया पड. बाईंनी काय केलं न्हाई. घड्याळ म्या नेलं."

बजाबाई चुलीपाशी "आगं बाई" म्हणाली आणि तोंडावर पदर धरून बसली. सोजरला पटायला वेळ लागत होता, आणि तो वेळ आम्हा सगळ्यांना जड गेला.

"कशापायी, आबा?"

"तू ऐकत नव्हतीस म्हनून."

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती बाईंच्या पाया पडली, उठली, आणि फळ्यावरचं गणित सोडवताना बोलावं तसं नीट बोलली.

"म्हंजी बाई चांगल्या निघाल्या."

"व्हय."

"मग मी शिकनार. तुमीच ठरवलं होतं."

धोंडीराम भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "शिक."

रात्रीच घड्याळ भिंतीवर गेलं आणि हिंदुरावांनी केराबाईंपुढं, तोंड कडू करून का होईना, "चुकलं" म्हटलं. धोंडीरामांना कमिटीतनं काढायचं त्यांनी बोलून दाखवलं. मी म्हटलं, नियम नियम आहे. ज्याचं पोर शाळेत, तो कमिटीत. सोजर फायनल होईपर्यंत त्यांनी प्रत्येक सभेला यायचं आणि बाईंच्या समोर बसायचं. त्यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली नाही.

सोमवारी पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. पाच माणसं, फेटे बांधलेली, सोबत नारळ-साखरेची टोपली. बजाबाईला धीर नव्हता म्हणून मी जाऊन बसले होते. धोंडीरामांनी नव्या घोंगडीवर सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, शिरा दिला. ख्यालीखुशाली झाली, कालव्याच्या पाण्याचं झालं, उसाचं झालं. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं हात धुऊन मिशीवरनं फिरवला.

"पोर कुटाय? बलवा की."

धोंडीराम म्हणाले, "शाळंत गेलीया."

"शाळंत? आज?" म्हाताऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं. "मग कवा येनार?"

धोंडीरामांनी दोन्ही हात जोडले. पटका नीट होता, आवाजही सरळ होता. फक्त डोळे भरले होते.

"शिकून झाल्यावर," ते म्हणाले.